रेल्वेनं का मोटारीनं

आमच्या घरातून कुणी परगावी निघायचं म्हटलं की आधी तीन दिवस त्यावर बोलणं व्हायचं. कुठं जायचं आणि कशाला जायचं यावर नव्हे, ते ठरलेलंच असायचं. कशानं जायचं, यावर. सेलूत आमचं घर अशा जागी होतं की उजवीकडं वळलं की दहा मिनिटांत स्टेशन आणि डावीकडं वळलं की तितक्याच वेळात स्टँड. एसटीला तेव्हा आमच्याकडची जुनी माणसं मोटारच म्हणायची. सकाळी अंगणात दात घासत उभं राहिलं की एका कानात इंजिनाची शिटी यायची, दुसऱ्या कानात सुटणाऱ्या मोटारीचा भोंगा, आणि दोन्हींच्या मधून जिनिंगची घरघर, जी कापसाच्या दिवसांत थांबायचीच नाही. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांना, पातळांना कापसाचे बारीक तंतू चिकटायचे. आई ते एकेक वेचून काढायची आणि मी तिच्याशेजारी उभी राहून ऐकायची, कोण सुटलं, कोण आलं. सगळं जग कुठंतरी निघालेलं आहे आणि आपण तेवढ्या दोरीपाशी उभ्या आहोत, असं मला रोज वाटायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. मूळ घर पेडगावचं, शेतकऱ्याचं. पेडगावला स्टेशन होतं, तेव्हा रेल्वे त्यांच्या अंगात लहानपणापासूनच मुरलेली. कोनाड्यात देवाच्या पोथ्यांखाली रेल्वेचं वेळापत्रक असायचं. त्याची पानं सुटी झाली की आई कणकेच्या खळीनं चिकटवून द्यायची. तालुक्याच्या गावाला आलेली पाहुणेमंडळी, शाळेतल्या पोरांचे आईबाप, कुणीही ओसरीवर टेकायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि विचारायचं, “मास्तर, औरंगाबादला जायचंय. कशानं जाऊ?” अण्णा चष्मा लावायचे आणि डॉक्टरनं नाडी धरावी तसे एकेक प्रश्न विचारायला लागायचे. सामान किती हाय? संगं म्हातारं कोन हाय? अंगावरचं लेकरू हाय का? तितं ठरल्याल्या टायमाला पोचायचंय का नुसतं पोचायचंय? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, असं ते म्हणायचे. माणूस बिचारा सगळी उत्तरं नीट द्यायचा, अण्णा डोळे मिटून विचार करायचे, आणि निकाल नेहमी एकच निघायचा. रेल्वे.

“रेल्वेत मानूस मानसावानी जातो,” ते सांगायचे. “उटला, बसला, चार पावलं चालला, खिडकीतून बगितलं. मोटारीत त्याला पोत्यासारखं रचल्यालं असतं.”

याच्या अगदी उलट मत दत्तूमामाचं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, राहायला झरीला. झरीला रेल्वे नाही. परभणीहून जिंतूरच्या सडकेनं मोटारीनंच जावं लागतं. मामा शेतातली कामं उरकून महिन्यातून एकदा तरी आमच्याकडं यायचा, नेहमी मोटारीनं, आणि धोतर झटकत पहिलं वाक्य हेच बोलायचा, “दाजी, मोटार आपल्या येशीत येती. रेल्वेच्या येशीत आपल्याला जावं लागतं.” मग दोघं जेवायला बसेपर्यंत आणि जेवून उठेपर्यंत तेच. मोटार कुठंही हात केला की थांबते. रेल्वेचं तसं नाही. पण रेल्वे चिखलात रुतत नाही. मोटारीला खड्डा लागला तर दुसरी मोटार मागून येते. रेल्वेला काही झालं तर बसा बाभळी मोजत. आई वाढत असायची. तिला कुणी विचारायचं नाही आणि ती सांगायची नाही. फक्त निकाल लागला की ती शिदोरीला लागायची. रेल्वेनं जायचं असेल तर धपाटे, फडक्यात घट्ट बांधलेलं दही, शेंगदाण्याची चटणी, फोडायला कांदा, असं मांडी घालून खायचं जेवण. मोटारीनं जायचं असेल तर नुसत्या दशम्या आणि गूळ, एका हातानं खाता येईल असं.

परवाच माझा मुलगा आणि सून पुण्याला जायच्या तिकिटांवरून बोलत बसले होते. दोघांच्या हातात दोन फोन. ट्रॅव्हल्सची स्लीपर, रेल्वेचं वेटिंग, स्वतःची गाडी काढली तर नवा मोठा रस्ता. मी मधेच म्हणाले, “तिथं ठरलेल्या वेळेला पोचायचंय का नुसतं पोचायचंय?” दोघांनी माझ्याकडं पाहिलं आणि परत फोनमध्ये तोंड घातलं. बरोबर आहे. आता कुणी कुणाच्या ओसरीवर बसून विचारत नाही. पण एवढी साधनं हातात येऊनही ते दोघं तासभर तिथंच अडकले होते, आणि शेवटी सून म्हणाली, “जाऊ द्या, गाडीनंच जाऊ, मला त्या स्लीपरमध्ये घुसमटायला होतं.” मला वाटलं, हे आधीच सांगितलं असतं तर.

आमच्या घरात मात्र एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कुणाला दिसत नव्हती. उन्हाळ्यात आम्ही झरीला आजोळी जायचो. अण्णा आम्हाला रेल्वेनं परभणीपर्यंत आणायचे, स्टँडवर मोटारीत बसवून द्यायचे आणि स्वतः मागं राहायचे. कधी म्हणायचे, शाळेचं काम आहे. कधी म्हणायचे, तुम्ही व्हा पुढं. आणि मग दुपार टळल्यावर परभणीतल्या एका मित्राची सायकल घेऊन, घामानं निथळत, डोक्याला टॉवेल गुंडाळून, ते झरीला हजर व्हायचे. सासरवाडीला जावई सायकलवर आला, म्हणून मामा दर वर्षी दुखावला जायचा. “आमच्या मोटारीला दाजीच्या अंगाचा वास लागतो का काय,” असं तो आईला ऐकू जाईल इतपत म्हणायचा. आई म्हणायची, “त्यानला सायकलीचा नाद हाय.” आम्हा पोरांना ते खरंच वाटायचं. वडील माणसाला नाद असतात, त्यातलाच हा एक.

मी बी.ए. झाले आणि घरी बसले. ते वर्ष मला आठवलं की अजून छातीत काहीतरी वळवळतं. सकाळी टायपिंगच्या क्लासला जायचे, दुपारी घरी, आणि मग काही नाही. बघायला येणारी मंडळी यायची, पोहे खायची, कळवतो म्हणून जायची. माझी बोटं मात्र थांबायची नाहीत. मराठी टायपिंगची मला इतकी सवय झाली होती की कुणी बोलत असलं की मी मांडीवर तेच शब्द टाईप करत असायची. आई भाकरी थापत काही सांगायची आणि माझी दहा बोटं पदराखाली नाचत असायची. “सुमे, हात थांबीव,” ती म्हणायची. “बसल्या जागी पाय, हात हलवनारं घर हलवतं.” मी हात थांबवायची आणि पायाचा अंगठा हलायला लागायचा. आम्हा सेलूच्या पोरींना गाव सोडायला दोनच वाटा होत्या, लग्न किंवा नोकरी. दोन्ही वाटांवर मी उभी होते आणि कुठलंच वाहन थांबत नव्हतं.

अशात एका सरकारी कार्यालयातून टायपिस्टच्या जागेसाठी बोलावणं आलं. औरंगाबादला, सकाळी अकरा वाजता, मूळ कागदपत्रांसह. त्या शहराचं नाव आता बदललं, पण माझ्या त्या दिवशीच्या पत्रावर औरंगाबादच होतं, म्हणून मीही तेच लिहिते. पत्र आलं आणि घरात नेहमीची बोलणी सुरू झाली, फक्त या वेळी आवाज जरा चढे होते. निरोप कुणी दिला कोण जाणे, दुसऱ्या दिवशी मामाही येऊन बसला. त्याचं म्हणणं, आदल्या दिवशीच मोटारीनं जावं, ओळखीच्या घरी मुक्काम करावा, सकाळी ताजंतवानं उठून परीक्षेला जावं. अण्णांचं म्हणणं, परक्याच्या घरी पोरीला झोप यायची नाही. पहाटेची पॅसेंजर साडेनवाला औरंगाबादला पोचते, दीड तास हातात राहतो.

“आन् पोचली न्हाई तर?” मामानं विचारलं.

“पोचती. मी धा वर्सं त्या गाडीचा टाईम बगायलोय.”

“बगायलाव तुमी. बसायलंय कोन?”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “पोरीची परीक्षा हाय, दत्तू. मोटारीत हाडं खिळखिळी होत्यात. बोटं हालली पायजेत तिची.”

मला दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. मला फक्त निघायचं होतं. चालत जा म्हणाले असते तरी निघाले असते.

पहाटे आईनं दह्याचं बोट जिभेवर ठेवलं, धपाट्यांचं फडकं पिशवीत घातलं, आणि आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. तेव्हाची आमची लाईन छोटी होती. डबे लाकडी बाकांचे, खिडक्यांच्या पट्ट्या वर केल्या तर खाली पडायच्या आणि खाली केल्या तर वर जायच्या नाहीत. गाडी वेळेवर आली, वेळेवर सुटली. अण्णांचा चेहरा उजळला. सातोना गेलं, परतूर गेलं, प्रत्येक स्टेशनवर ते घड्याळात बघून “दोन मिन्टं आधी,” “बराबर टायमाला,” असं म्हणायचे, जणू इंजिन तेच चालवत होते. त्यांनी मला धपाटं खायला लावलं. समोरच्या बाकावरच्या एका म्हातारबाबालाही दिलं. मी कागदपत्रांची फाईल छातीशी धरून मांडीवर बोटं हलवत होते आणि खिडकीतून सडक शोधत होते. सडक दिसली की त्यावरची मोटार आपल्या पुढं आहे का मागं, हे बघत होते.

जालना सुटलं आणि मग एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. आधी कुणाला काही वाटलं नाही. क्रॉसिंग असेल. माणसं खाली उतरली, कुणी हापशावर तोंड धुतलं, कुणी लिंबाखाली बसून तंबाखू मळली. अर्धा तास गेला. पुढं कुठल्याशा मालगाडीचं इंजिन बिघडलंय असं कळलं. अण्णा म्हणाले, “निगंल आता.” आणखी वीस मिनिटं गेली. “निगंल आता.” साडेनऊ तिथंच वाजले. मी उठून दारात गेले, परत आले, परत गेले. शेतांपलीकडं सडक होती. तिच्यावरून एकामागून एक वाहनं औरंगाबादच्या दिशेनं चालली होती. जीपा, ट्रक, लाल मोटारी. त्यांचा आवाजसुद्धा येत नव्हता इतकी ती लांब होती, पण ती चालली होती, आणि आमचा डबा एखाद्या घरासारखा जमिनीत रुतून बसला होता.

“अण्णा, सडकेला जाऊ,” मी म्हणाले. “काई तरी मिळंल.”

“सुमन, गाडी सोडू नाई. सोडली की सुटती. लय जनाचं बगितलंय मी.”

“मग बसून ऱ्हाऊ? अकरा इतंच वाजू द्यायचे?”

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग सडकेकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि ऊन अजून तितकं नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले होते, त्या भरात त्यांच्या घामाचा मी काही विचार केला नाही. त्यांनी परत एकदा घड्याळ पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “माझा गुडगा धरलाय सकाळपासनं. शेतातून चालवायचं न्हाई मला. तू जा.”

मला कळेना. कॉलेजलाही ज्या माणसानं मला एकटीला परभणीला जाऊ दिलं नव्हतं, रोज चार पोरींचा घोळका असेल तरच जायचं असा ज्यांचा नेम, ते म्हणत होते, तू जा. पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. “बाया असतील त्याच जीपमदी बस. डायवरशेजारी बसू नको. कुनी काई इचारलं तर मामा स्टँडवर उबा हाय मनायचं.” आणि मी फलाटावरून खाली उडी मारली तेव्हा दारातून म्हणाले, “फाईल पदराखाली धर, धूळ बसंल.” मी मागं वळून पाहिलं नाही. मला राग आला होता. गुडघा दुखतो म्हणून पोरीला अशी सोडून देतात, असं मनात म्हणत मी कापसाच्या पऱ्हाट्यांमधून, बांधावरून, एका ओढ्यातून अक्षरशः पळत सडकेला लागले.

जीप मिळाली. मागं तीन बाया होत्या, एकीच्या मांडीवर कोंबडी. मी कडेला बसले आणि जीप निघाली तेव्हा वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. ते मोकळेपण चार-पाच मैल टिकलं. मग जीप एका फाट्यावर थांबली. ड्रायव्हर खाली उतरून हाका मारायला लागला. दोन माणसं चढली. पुढच्या फाट्यावर परत तेच. चहाच्या टपरीपाशी तो चहाही प्याला. “दादा, माझी परीक्षा हाय,” मी म्हणाले. “ताई, रिकामी जीप घेऊन गेलो तर परीक्षा माजी व्हती,” तो म्हणाला, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असं नाही. पुढं एका रेल्वे फाटकापाशी आडवा दांडा पडलेला होता. आम्ही थांबलो. आणि आमच्या समोरून, सावकाश, काळा धूर सोडत, माझी पॅसेंजर गेली. तीच. दारात अण्णा उभे होते, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातात पिशवी. ते सडकेकडं बघत होते, पण मी त्यांना दिसले नाही. मी हाक मारली नाही. कोंबडीवाल्या बाईनं विचारलं, “कोन हाय गं, वळकीचं?” मी म्हणाले, “न्हाई.” इतकी वर्षं झाली, पण ते ‘न्हाई’ आठवलं की मी आजही बसल्या जागेवरून उठते.

कार्यालयाच्या फाटकाशी मी पोचले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. चप्पल तुटलेली, केस धुळीनं पांढरे. व्हरांड्यात एका टेबलाशी कारकून बसलेला आणि त्याच्या शेजारच्या बाकावर अण्णा. आमचे अण्णा कुणापुढं हात जोडणारे नव्हते. शाळेच्या तपासणीला साहेब आले तरी ते खुर्चीतून सावकाश उठायचे. तिथं मात्र ते त्या कारकुनापुढं वाकून त्याच्याच कागदावर काहीतरी लिहून देत होते. जवळ गेले तर नांदेडला जायच्या गाड्या. कारकुनाला मेहुण्याच्या लग्नाला नांदेडला जायचं होतं, आणि अण्णा त्याला कुठल्या गाडीनं गेलं तर हळद सापडेल ते समजावून सांगत होते. मला पाहून ते उभे राहिले. “हीच ती,” ते कारकुनाला म्हणाले. “सांगितलं न्हवं, मोटारीनं यायलीय. मोटारीचं काई खरं नसतं, साहेब.” कारकून म्हणाला, “दुसऱ्या तुकडीत नाव घातलंय. हात धुवून या.”

मी टाईप केलं. बोटं कशी चालली मला सांगता येत नाही. एवढंच आठवतं की मशीनचा ‘र’ जड होता आणि समोरच्या कागदावर कसलातरी शेतसाऱ्याचा मजकूर होता, आणि मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा शेजारच्या दोघी अजून अर्ध्यावर होत्या. वर्षभर मांडीवर केलेली वळवळ त्या पंधरा मिनिटांत कामाला आली. दोन महिन्यांनी पत्र आलं आणि मला ती जागा मिळाली. पुढं परभणीला बदली करून घेतली, सगळी नोकरी तिथंच झाली, निवृत्तही तिथूनच झाले. पण त्या दिवसाचं म्हणून जे माझ्याजवळ राहिलं, ते नोकरीचं नाही.

बाहेर आलो. रस्त्याकडेच्या झाडाखाली उरलेले धपाटे खाल्ले. अण्णांनी पेपर कसा गेला विचारलं, मी बरा गेला म्हणाले. व्हरांड्यात ते भेटले त्याचा आनंद मला झाला होता, पण त्याच्या खाली तो सकाळचा राग तसाच होता. मग त्यांनी धपाट्याचं फडकं घडी करत विचारलं, “आता परत कशानं जायचं?” विचारताना ते माझ्याकडं बघत नव्हते. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं होतं. दुपारची रेल्वे होती, मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हणाले, “मोटारीनं.” कशासाठी म्हणाले? सकाळी सडकेला जाणं चुकलं नव्हतं हे दाखवायला. आपण म्हणू तसं एकदा होऊ द्यावं म्हणून. आणि थोडं त्यांना टोचावं म्हणून. ते म्हणाले, “बरं.” एवढंच.

मोटारीत त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली. मला वाटलं, रुसलेत. जालन्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून, डोळे एका जागी लावून बसले होते. मी बोलायचा प्रयत्न केला तर त्यांनी नुसती मान हलवली. वाटूर सोडल्यावर सडक खराब लागली. मोटार खड्ड्यांतून डुलत चालली आणि मी पाहिलं की त्यांचा चेहरा राखेसारखा झालाय, ओठांवर घामाचे थेंब आहेत. मी “अण्णा” म्हणेपर्यंत ते खिडकीकडं वळले, पण काच अर्धीच सरकली. सदऱ्यावर, धोतरावर, माझ्या हातावर. पुढच्या-मागच्या लोकांनी माना वळवल्या. एका मुसलमान आजीबाईनं आपल्या बटव्यातून लिंबू काढून पुढं केलं आणि म्हणाली, “हुंगाय द्या बेटा त्यानला, आन् डोळे मिटाय सांगा.” मी त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर धरलं. आमच्या घरात लेकीनं बापाला हात लावायची रीत नव्हती. ते लहान लेकरासारखे जड झाले होते.

मोटार मंठ्याला थांबली तेव्हा मी त्यांना स्टँडच्या नळावर नेलं. पाणी घातलं. ते पायरीवर बसले आणि नळाकडं बघत बोलले.

“गुडग्याला काई झालं नव्हतं मला.”

मी नळ बंद केला.

“मोटारीत बसलो की आसं होतं. जीप काय, मोटार काय. लहानपनापासून. रेल्वेत न्हाई होत.” तोंड पुसून म्हणाले, “लग्नाला झरीला जायचं, तर वऱ्हाडाची मोटार केल्ती. नवरदेव मी. बाशिंग बांधल्यालं. येशीच्या अलीकडं हिरीवर उतरवून दोस्तांनी धुतलं मला, कपडे बदलले. नवरदेवाला ऊन लागलं मनून सांगितलं समद्यांला. तवापासनं तुज्या मामाच्या गावाला मी मोटारीनं गेलो न्हाई.”

“मग सकाळी सांगायचं न्हाई का? आन् आता मी मोटारीनं मनले तवा?”

“सकाळी तुला जायचं व्हतं. आन् आता तू इतक्या दिवसांत पयल्यांदा काई तरी मागितलं,” ते म्हणाले. मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. “तुज्या आईला ठाऊक न्हाई हे. सांगू नको. दत्तूच्या कानावर जाईल.”

मला त्या पायरीवर काय वाटलं ते मी अनेकदा लिहायचा प्रयत्न केला आणि खोडलं. ओसरीवर बसून शेकडो माणसांना त्यांनी सांगितलेलं सगळं मला आठवत होतं. त्यातलं खोटं काहीच नव्हतं, रेल्वे खरोखरच बरी होती. पण प्रत्येकाला एवढे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला कुणी एकदाही विचारलं नव्हतं, मास्तर, तुम्हाला काय सोसत नाही. मी म्हणाले, “इथून दुसरं काही बघू का?” ते म्हणाले, “न्हाई. थोडंच ऱ्हायलं.” आणि उठून, धोतर झटकून, परत त्या मोटारीत चढले. सेलूकडं वळायच्या देवगाव फाट्यापर्यंत मी त्यांचा हात धरून बसले. या वेळी माझी बोटं हलली नाहीत.

दिवेलागणीला घरी पोचलो. आई दारातच होती. “कशी झाली परीक्षा?” मी सांगितलं, चांगली. “कशानं आलाव?” अण्णा चपला काढत होते. मी म्हणाले, “रेल्वेनं. टायमाला आली.” अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सदरा काढून खुंटीला लावला आणि आत जाऊन आडवे झाले.

मी पाय धुवायला न्हाणीपाशी गेले तर आई तो सदरा घेऊन तिथं आली. तिनं तो दगडावर पसरला, तांब्याभर पाणी ओतलं, साबण लावला आणि छातीपाशी जिथं मंठ्याच्या नळावर नीट निघालं नव्हतं तिथं घासायला लागली. वर न बघता, जिनिंगच्या घरघरीत मलाच ऐकू येईल अशा आवाजात तिनं विचारलं, “मंठ्याच्या आधी झालं का नंतर?”

मी तांब्या तसाच धरून उभी राहिले. मग म्हणाले, “आधी.”

“हां,” ती म्हणाली. सदरा पिळला, झटकला, दोरीवर टाकला. “ताक ठिवलंय चुलीपाशी, नेऊन दे त्यानला. आन् मला कळलंय मनून सांगू नको.”